मास्तरांची गाडी खोबरेल पिते

डिझेलची बोट अकरा दिवस आली नाही, आणि बाराव्या दिवशी शाळेच्या पालकसभेत मेसाक गराए मास्तरांच्या तोंडून नको ते वाक्य निघून गेलं.

भर समुद्रातल्या बेटावरच्या लुगनविल गावातल्या त्या शाळेत मास्तर सव्वीस वर्षं विज्ञान शिकवत होते. ‘ऊर्जेची रूपे’ हा त्यांचा लाडका धडा. संपणारी ऊर्जा कोणती, न संपणारी कोणती, कोळसा व्हायला किती काळ लागतो, सूर्य अजून किती टिकेल, सगळं तोंडपाठ. सूर्याबद्दल तर ते असं बोलायचे, की त्याच्या निवृत्तीचे कागद जणू त्यांच्याच सहीने पुढे जाणार आहेत. त्या दिवशी पालकांनाही त्यांनी तोच धडा ऐकवला. “डिझेल म्हणजे संपणारी ऊर्जा! जाळलं की गेलं. पुन्हा व्हायला कोट्यवधी वर्षं!” असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

मागच्या बाकावरून बाजारात केळी विकणाऱ्या एक बाई उठल्या.

“मास्तर, तुमची गाडी बारा दिवस घरासमोर उभी आहे. ती सूर्याची वाट बघतेय, की बोटीची?”

सभा हसली. हेडमास्तर हसले. शाळेचा शिपाई, ज्याला मास्तरांनी स्वतः दोनदा नापास केलं होतं, तो तर दाराला टेकून हसला. आता असं हसू अंगावरून झटकून टाकणारी माणसं असतात, पण मास्तर त्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“पुढच्या शनिवारी माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं, जोझियानचं लग्न आहे,” ते म्हणाले. “नवरीला मी माझ्या गाडीतून नेणार. डिझेलचा एक थेंब न वापरता. नारळाच्या तेलावर!”

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या आवाजात मास्तरांना एकदम आठवलं, की नवरदेवाचं गाव टेकडीपलीकडे आहे आणि शनिवारला आठच दिवस उरले आहेत.

अंधार पडायच्या आत, कावा म्हणजे मुळ्या कुटून केलेलं ते सुस्तावणारं पेय प्यायला माणसं जमतात त्या प्रत्येक झोपडीत ही बातमी पोचली होती. मास्तर घरी आले तर त्यांची बायको रोलिन दारातच उभी.

“अहो, मला एका शब्दाने न विचारता माझ्या भाचीचं लग्न पणाला लावलंत?”

तिच्या मागे तिचा भाऊ फिलेमोन, म्हणजे नवरीचा बाप, पायरीवर बसून भाजलेला ब्रेडफ्रूट खात होता. हा गडी अंगाने दांडगा आणि बोलण्याने त्याहून.

“दाजी, खोबरेल डोक्याला लावतात,” तो म्हणाला. “तुम्ही ते आधी डोक्याला लावून बघा. फरक पडला तर गाडीला घालू.”

मास्तरांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करताना मान किती वळवावी याचा त्यांना सव्वीस वर्षांचा सराव होता.

शेजारी ओबेदकाका राहायचे. त्यांचं आयुष्य जहाजाच्या इंजिनघरात गेलेलं. एका कानाने त्यांना अजिबात ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने फक्त स्वतःचं. त्यांनी मास्तरांच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, आत तोंड घालून बराच वेळ हुंगलं आणि निकाल दिला.

“चालेल. जुनं इंजिन आहे, काहीही खाईल. पण तेल गाळून घाला मास्तर. बारीक कापडातून.”

“किती बारीक?”

“बायकोला संशय येईल इतकं.”

याचा अर्थ मास्तरांना तेव्हा कळला नाही. दुसऱ्या दिवशी घाण्यावरून तेलाचे डबे आले, आणि मच्छरदाणीतून कचरा जातो, उशीच्या अभ्र्यातून तेल जात नाही, असा शोध लागल्यावर मास्तरांच्या हाती कपाटातला एक पांढरा, झुळझुळीत, अगदी आदर्श कपडा लागला. त्यातून तेल असं उतरू लागलं, की बघत राहावं. मास्तर बघत राहिले. तेवढ्यात रोलिन बाजारातून आली.

“हा माझा चर्चला नेसायचा परकर आहे.”

“होता,” ओबेदकाका म्हणाले. हे मात्र त्यांना नेमकं ऐकू आलं.

“ही आता गाळणी आहे,” मास्तरांनी समजूत घातली. “वस्तूचं रूप बदलतं, रोलिन. जसं ऊर्जेचं—”

पुढचं वाक्य त्यांनी अंगणात उभं राहून पूर्ण केलं, कारण दार बंद झालं होतं.

अंगणात सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. कोणी म्हणालं, तेलात मीठ टाका. कोणी म्हणालं, आलं टाका, गाडीला पित्त होणार नाही. एकाने थोडा कावा घालायला सांगितलं, म्हणजे गाडी कधी घाई करणार नाही. मास्तरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. शास्त्रज्ञाने आधीच नकार द्यायचा नसतो, असं त्यांचं मत होतं. तेल त्यांनी नुसतंच घातलं.

आणि गाडी सुरू झाली! आधी खोकली, मग शिंकली, मग धडधडायला लागली. मागच्या नळीतून पांढरा धूर आला आणि गल्लीभर गरम गातो तळल्याचा वास सुटला. गातो म्हणजे तिकडचे ते तळलेले गोड गोळे, सकाळच्या चहाबरोबर खातात ते. अख्खी गल्ली एका दमात बाहेर आली. सात कुत्री आली. फिलेमोनसुद्धा आला, आणि गाडी चालल्याचं कौतुक करायचं सोडून “गातो कुठे आहेत?” असं विचारून गेला.

एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले! इंधन बदललं तर कचेरीत कळवावं लागतं, असं त्यांना कुठूनसं समजलं. नियम मोडून निसर्ग वाचवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीच्या खिडकीसमोर उभे राहिले. खिडकीत मिसेस वोकोन होत्या. त्या एकेकाळी मास्तरांच्या विद्यार्थिनी होत्या, पण ते विसरल्याचं त्यांनी पहिल्याच वाक्यात दाखवून दिलं.

“इंधनाचा प्रकार?”

“नारळाचं तेल.”

“फॉर्मवर पेट्रोल आहे आणि डिझेल आहे. नारळ नाही.”

“मग ‘इतर’ लिहा.”

“इतर लिहिलं तर ज्वालाग्राही पदार्थाचा परवाना लागतो. पेट घेतं का हे?”

“मॅडम, हे खातात!” मास्तरांनी खिशातून नमुन्याची बाटली काढली आणि बोट बुडवून चाटून दाखवलं.

मिसेस वोकोनचा चेहरा खुलला. “मग आधी नाही सांगायचं? खायचं असेल तर माझ्याकडे नाही. पलीकडची खिडकी.”

पलीकडच्या खिडकीवर खाद्यपदार्थांचं खातं होतं. तिथल्या गृहस्थांनी हे तेल कोण खाणार, असं विचारलं. मास्तर म्हणाले, गाडी. गृहस्थांनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे बघितलं आणि आरोग्य तपासनिसाकडे पाठवलं. तपासनीस डबे बघायला अंगणात आले, वास घेऊन खूश झाले आणि त्यांनी परत पहिल्या खिडकीकडे पाठवलं. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा इस्त्रीचा शर्ट आणि त्यांची मान दोन्ही सारखीच चुरगळली होती.

शेवटी गुरुवारी दुपारी परवाना मिळाला. शिक्का लखलखीत, सही ठसठशीत. मास्तरांनी तो घरी येऊन मोठ्याने वाचला आणि मधेच थांबले.

“काय झालं?” रोलिनने विचारलं.

“वाहनाचा प्रकार,” मास्तर खोल आवाजात म्हणाले, “‘फिरतं खाद्यगृह’.”

चाकं आहेत, खायचं तेल आहे, तळणीचा वास आहे. कचेरीच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हतं. दुरुस्तीसाठी अर्ज करता आला असता, पण त्यासाठी ‘दुरुस्ती’चा फॉर्म लागत होता, आणि तो छापून बोटीने यायचा होता. त्याच बोटीने.

शनिवार उजाडला तो गारठा घेऊन. ऑगस्टचा महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा, आग्नेयेचा वारा, आभाळ भरलेलं. मास्तर नवा शर्ट घालून, गाडीला फुलांच्या माळा लावून चालकाच्या जागी बसले आणि किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा टाकला आणि गप्प झाली.

ओबेदकाकांनी टाकीत काडी घातली. काडी उभीच राहिली.

“गोठलंय. मेणबत्ती झालीय तुमच्या टाकीत. वात लावा आणि चर्चमध्ये ठेवा.”

नारळाचं तेल गारठ्यात गोठतं, हे त्या बेटावर लहान पोरालाही ठाऊक आहे. प्रत्येक घरात केसांना लावायची बाटली सकाळी उन्हात ठेवतात. मास्तरांच्या घरातही ठेवत. पण बाटलीतलं तेल आणि टाकीतली ऊर्जा ही एकच वस्तू आहे, हे मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. एवढ्यात पांढरा झगा सावरत जोझियान आली. डोक्यावर जाळीचा बुरखा, हातात फुलं. तिने गाडीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि मग मास्तरांकडे.

“आतोबा, दहाला लग्न आहे,” ती एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“जातो आणि कुणाची तरी गाडी बघतो,” फिलेमोन म्हणाला. पण गावात डिझेल कुणाकडेच नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

तेव्हा रोलिन कंबर कसून पुढे आली. परकराचा राग तिने लग्नापुरता बाजूला ठेवला होता. “लापलाप भाजायला दगड तापवतोच ना आपण? तसंच करा!”

लापलाप म्हणजे किसलेल्या कंदांचा नारळाच्या दुधातला लगदा, तो केळीच्या पानात गुंडाळून तापल्या दगडांत भाजतात. आता टाकी गुंडाळली. बायकांनी लाकडं रचली, पण ती ओली होती. काही वेळ नुसता धूर झाला, मग कसा कोण जाणे, जाळ भडकला. तापलेले दगड चिमट्यांनी उचलून पानांत बांधले आणि टाकीला, नळीला चहूबाजूंनी लावले. अर्ध्या तासाने ओबेदकाकांनी कान टाकीला लावला, चुकून ऐकू न येणारा. तरी म्हणाले, “शिजलं!”

गाडी सुरू झाली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

पुढे मास्तर, शेजारी जोझियान आणि तिची आत्या रोलिन. मागे उघड्या भागात फिलेमोन, ओबेदकाका, चार करवल्या, मेजवानीचं लापलाप आणि जास्तीच्या तेलाचा एक डबा. गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली आणि वास पुढे धावू लागला. पहिल्या वस्तीत लोक वाट्या घेऊन रस्त्यावर उभे होते. दुसऱ्या वस्तीत एका म्हाताऱ्याने गाडीसमोर काठीच आडवी धरली.

“सहा गातो दे.”

“आजोबा, ही लग्नाची गाडी आहे.”

“मग बारा दे.”

दर थांब्याला समजूत घालावी लागे आणि इंजिन चालूच ठेवावं लागे, कारण बंद केलं की तेल पुन्हा गोठणार. मागे कुत्र्यांची संख्या सातावरून मोजण्यापलीकडे गेली होती. करवल्या एकेकाचं बारसं करत होत्या.

तिसऱ्या वस्तीपाशी पोलिसाने हात केला. तरुण, नुकताच नेमलेला, गणवेशाची घडीही न मोडलेला. मास्तरांनी परवाना पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला.

“फिरत्या खाद्यगृहात प्रवासी न्यायला बंदी आहे.”

“हे प्रवासी नाहीत,” मास्तर म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले. सव्वीस वर्षांत वर्गात खोटं बोलायची सवय झाली नव्हती.

“आम्ही कामाला आहोत,” जोझियान खिडकीतून शांतपणे म्हणाली.

पोलिसाने तिच्या पांढऱ्या झग्याकडे पाहिलं. “कामाला?”

“स्वयंपाकाला. अंगात पांढरे कपडे, आणि हे बघा,” तिने बुरख्याला हात लावला, “डोक्याला जाळी. केस पडायला नकोत अन्नात.”

पोलीस विचारात पडला. नियमात जाळी होतीच. मागे करवल्यांनी पटापट डोक्याला रुमाल बांधले. फिलेमोनकडे रुमाल नव्हता. त्याने केळीचं पान डोक्यावर घेतलं आणि अतिशय प्रामाणिक चेहरा केला.

“मग अन्न दाखवा.”

फिलेमोनने लापलापचा एक भला मोठा तुकडा पानावर ठेवून दिला. पोलिसाने खाल्ला, बोटं चाटली, वहीत ‘स्वच्छता चांगली’ असं लिहिलं आणि नवरीला सलाम करून वाट मोकळी केली.

आता टेकडी. वर गेलं की पलीकडे उतारावर नवरदेवाचं गाव, खाली चर्चचं लाल पत्र्याचं छप्पर. चढ निम्म्याहून जास्त झाला, शिखर हाकेच्या अंतरावर आलं, आणि गाडी दोन आचके देऊन थांबली.

“संपलं,” ओबेदकाका म्हणाले. “थांबून थांबून सगळं पिऊन टाकलंन.”

“जास्तीचा डबा आहे ना!” मास्तर उतरून मागे धावले. डबा उघडला. वाऱ्याने आत पांढरी, गुळगुळीत, सुरीने कापावी अशी वडी झाली होती. डबा उलटा केला तरी थेंब पडेना.

खालून घंटा ऐकू आली. पहिली घंटा.

मास्तर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. अंगावरचा नवा शर्ट धुराने राखाडी झाला होता. जोझियानच्या डोळ्यांत आता खरंच पाणी तरळलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं. फिलेमोन पाय आपटत आला आणि त्याने लापलापच्या टोपल्यांखालून एक निळा डबा ओढून काढला.

“दाजी, रागावू नका. बोट थांबायच्या आधीचं डिझेल आहे. पोरीच्या लग्नासाठी लपवून ठेवलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत पोचला असतात, तर काढलंच नसतं.”

मास्तरांनी निळ्या डब्याकडे पाहिलं. पालकसभा आठवली. केळीवाल्या बाई, हेडमास्तर, दाराला टेकलेला शिपाई. मग त्यांनी जोझियानकडे पाहिलं. तिला पहिली बेरीज त्यांनी शिकवली होती, पोहायला त्यांनी शिकवलं होतं, आणि ताप आला तेव्हा याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं.

“ओत,” ते उठून म्हणाले. “नाही, दे. मीच ओततो. सगळ्यांना सांग, मास्तर हरले.”

त्यांनी डबा उचलला. तो भलताच हलका होता. वाकडा केला तर आतून फक्त वास आला.

सगळे फिलेमोनकडे बघू लागले. फिलेमोन डब्याकडे बघू लागला. आणि रोलिन दुसरीकडेच बघू लागली.

“सकाळी लाकडं ओली होती,” ती अखेर म्हणाली. “दगड तापवायला जाळ नको? मला वाटलं, एवढं भरलंय, थोडं घालू. मग थोड्याने होईना.”

म्हणजे मास्तरांच्या न संपणाऱ्या ऊर्जेला सकाळपासून संपणाऱ्या ऊर्जेने खांदा दिला होता. मास्तरांनी रिकामा डबा खाली ठेवला. आणि मग त्यांना हसू आलं. आधी गळ्यात, मग पोटात, मग ते दगडावर परत बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. रोलिन हसली. करवल्या हसल्या. ओबेदकाका काय झालं ते न ऐकताच हसले.

“हसताय काय!” फिलेमोन ओरडला. “दुसरी घंटा व्हायच्या आत वर जायचंय!” त्याने कोट काढून करवलीच्या अंगावर टाकला आणि गाडीच्या मागच्या फळीला खांदा लावला. “दाजी, तुम्ही आत बसा, सुकाणू धरा. बाकीचे इकडे!”

तेवढ्यात वासाच्या मागे मागे आलेली माणसं वळणावर दिसली. हातांत वाट्या. फिलेमोनने त्यांना हाक मारली, “ढकला! वर पोचलं की लापलाप!” वाट्या रस्त्याकडेला ठेवल्या गेल्या. वीस-बावीस खांदे लागले. गाडी हलली, अडली, परत हलली. फिलेमोनच्या मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या होत्या, पण तो मोठमोठ्याने मास्तरांना, नारळाला आणि त्या न आलेल्या बोटीला शिव्या घालत ढकलत राहिला. एक शिवी, एक पाऊल. तशी ती गाडी टेकडीच्या माथ्यावर चढली.

आणि मग उतार. मास्तरांनी पायाखाली ब्रेक धरला, इंजिन गप्प, वारा कानात, मागे वीस माणसं आणि ती सगळी कुत्री धावत येतायत, आणि जोझियान एका हाताने बुरखा, दुसऱ्या हाताने आतोबांचा दंड धरून मोठ्याने हसतेय. इंजिन बंद असलं की ब्रेक लागायला दुप्पट जोर लागतो, हे मास्तरांना शेवटच्या वळणावर कळलं. गाडी चर्चच्या अंगणात शिरली, भाज्यांच्या दोन टोपल्या चुकवल्या, तिसरी चुकवली नाही, आणि पाद्रीबाबांच्या बरोबर समोर थांबली. दुसरी घंटा तेव्हाच झाली.

लग्न लागलं. जेवणं बसली. नवरदेवाच्या काकांनी मास्तरांना दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मास्तरांच्या खिशात ऊर्जेच्या भवितव्यावर चार पानांचं भाषण होतं. ते त्यांनी बाहेर काढलंच नाही.

“गाडी तेलावर चालली, तेल दगडांवर, दगड डिझेलवर,” ते म्हणाले. “आणि टेकडी आम्ही माझ्या मेव्हण्याच्या खांद्यावर चढलो. सोमवारी वर्गात असंच सांगेन. आणि त्या केळीवाल्या बाईंनाही सांगेन, त्यांनी विचारायच्या आत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या त्यांना पालकसभेतल्या टाळ्यांपेक्षा हलक्या वाटल्या, अंगावर न पडणाऱ्या. ते खाली बसले. शेजारी फिलेमोन मांडी ठोकून जेवत होता. कोट अजून करवलीकडेच होता, आणि शर्ट पाठीवर उसवलेला.

“दाजी, एक विचारू?” तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. “तुमच्या त्या धड्यात माणूस कशात मोडतो? संपणाऱ्यात, की न संपणाऱ्यात?”

मास्तरांनी त्याच्या पानाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा भरलं जात होतं.

“तू जेवतोयस तोवर न संपणाऱ्यात, फिलेमोन,” ते म्हणाले. “काळजी आहे ती लापलापची.”